परबकाकांचा डावा कान

आमच्या बिल्डिंगमध्ये परबकाका कोणावर चिडले की भांडत नाहीत. ते त्याला डावा कान देतात.

म्हणजे होतं असं, की समोरचा बोलत असतो आणि काका बसल्या बसल्या खुर्ची इंच इंच फिरवत नेतात. चेहरा एकदम गरीब. डावा कान बरोबर त्या माणसाच्या तोंडासमोर आला की थांबतात आणि "बरं... हं... असं का" सुरू करतात. आमच्या नवीन सेक्रेटरीने एकदा पार्किंगच्या नियमांवर अर्धा तास त्या कानात भाषण दिलं. शेवटी काका उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान बोलता हो तुम्ही," आणि खाली जाऊन आपली जुनी स्कूटर पुन्हा त्याच जागी लावून आले.

आता बिल्डिंगमध्ये ती भाषाच झालीय. "काय झालं गं मीटिंगमध्ये?" "काय होणार, डावा मिळाला." सगळ्यांना वाटतं, म्हातारा तिरसट आहे, मुद्दाम तोंड फिरवतो. मलाही तसंच वाटायचं. मी शुभदा, त्यांच्या समोरच्या दारात राहते. एका विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासते, त्यामुळे कोणाच्या बोलण्यावर चटकन विश्वास ठेवत नाही आणि पटकन तापते. घरी नवरा आणि मुलगी माझ्याशी जपून बोलतात. काका अजिबात जपून बोलत नाहीत, म्हणूनच बहुतेक आमचं जमतं.

तर एकदा भाजीवाली काकांच्या डाव्या बाजूला उभी राहून "आजोबा, कोथिंबीर फुकट घ्या, फुकट" म्हणत होती आणि काका ढिम्म. मला तिथेच शंका आली. जोगेश्वरीत जन्म काढलेला माणूस फुकटच्या कोथिंबिरीला मुद्दाम डावा कान देईल? शक्यच नाही. मी त्यांच्या घरी जाऊन काकींना सरळ विचारलं. काकी आधी नाही नाही म्हणाल्या, मग पदराने डोळे पुसायला लागल्या. काकांचा डावा कान गेलेला होता. पार गेलेला. आणि "बहिरा" म्हणवून घेण्यापेक्षा "तिरसट" म्हणवून घेतलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं होतं. काकींना शपथ घातलेली, मग मलाही घातली.

आता ह्यात एवढं लपवण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण काका फिटर. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पस्तीस वर्षं मशिनं दुरुस्त केली, ती कानाने. मशीनच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मागचं बेरिंग. आठ दिवस चालेल." ते बरोबर आठच दिवस चालायचं, असं ते स्वतःच सांगतात. सोसायटीचा पंप अजूनही असाच तपासतात, उजव्या कानाने. माणसांबद्दल बोलायची रीतही तीच. सेक्रेटरीचं बेरिंग गेलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोला ग्रीस हवंय. मी ऑफिसातून भडकून आले की जिन्यातल्या पावलांवरून ओळखतात आणि दार उघडून म्हणतात, "आज गरम झालीस गो. जरा थंड हो, मग घरात शिर." असा राग येतो! पण मी थांबते दोन मिनिटं.

असा कानावर जगलेला माणूस, आणि सात वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता त्याचा एक कान बंद झाला. दुखलं नाही, खुपलं नाही. काकांनी लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात घातलं. मग ओव्याच्या पुरचुंडीने शेकलं. मग गावाहून कसला तरी पाला मागवला. तीन महिन्यांनी काकींनी ओढत डॉक्टरकडे नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात आला असतात तर काहीतरी प्रयत्न करता आला असता. काका त्यांच्यावरच उखडले. "कुठलंही मशीन बंद पडायच्या आधी आवाज करतं. ह्याने केलाच नाही, तर मला कळणार कसं?"

आणि नेमके त्या तीन महिन्यांत गणपती आले.

इथे दत्ताराम गावडे येतात. गावडेकाका आणि परबकाका मालवणकडच्या एकाच गावचे. एकाच एसटीने मुंबईला आले, एकाच खोलीत राहिले, एकाच कारखान्यात चिकटले. हे त्यांना "दत्या" म्हणायचे, ते ह्यांना "सद्या". गावडे राहतात आमच्या मागच्या गल्लीत. त्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती. विसर्जनाला मूर्तीचा पाट एका बाजूने दत्तारामने आणि दुसऱ्या बाजूने सदाशिवने उचलायचा, हे सत्तावीस वर्षं ठरलेलं. भावकीतलं कोणी मध्ये हात घालत नसे. त्या वर्षी आरती झाली, दारात ढोल सुरू झाला. काका दाराशी पाठमोरे उभे, उजव्या कानाशी ढोल, आणि आता दत्या बोलावेल म्हणून वाट बघतायत. गावडेकाकांनी पाटाला हात घातला आणि हाक मारली, "सद्या, ये." मग पुन्हा मारली. मग पुन्हा. काका वळेचनात. पन्नास माणसं बघत होती. शेवटी गावडेकाकांचा पुतण्या पुढे झाला आणि गणपती निघाला.

आता दोघांच्या डोक्यात काय राहिलं बघा. गावडेकाकांच्या डोक्यात, की एवढ्या हाका मारल्या आणि सद्याने ढुंकून बघितलं नाही. परबकाकांच्या डोक्यात, की सत्तावीस वर्षं पाट उचलला आणि ह्या वर्षी दत्याने पुतण्याला बोलावलं, मला विचारलंसुद्धा नाही. दोघंही दुखावलेले, आणि दोघंही आपापल्या घरी बसून वाट बघतायत की दुसरा येऊन काहीतरी बोलेल.

वर्षभराने गावडेवहिनींनी बाजारात काकींना सांगितलं, अहो, हाका मारल्या होत्या हो ह्यांनी. काकींनी घरी येऊन काकांना सांगितलं. झालं, उलगडा झाला! मग जा ना. जा आणि सांग, बाबा रे, कान गेलाय माझा. मी हे काकांना किती वेळा सुनावलं असेल. उत्तर एकच. "वर्षाने जाऊन सांगू की मी बहिरा होतो? तो म्हणेल, सद्या कारणं देतोय. आणि त्याने तरी जवळ येऊन हलवलं का मला?" पुढे काही बोलायला गेले की खुर्ची फिरायला लागायची.

मग तीन वर्षांपूर्वी काकी गेल्या. गावडेकाका आले, खांदा दिला, स्मशानातल्या बाकावर काकांशेजारी बसून राहिले आणि गेले. पुढे पुन्हा जैसे थे. काका मला हे एकदा पंप तपासताना सांगत होते. "डाव्या बाजूला बसला होता गो. मला तर मान वर करून बघायचंही सुचत नव्हतं. काहीतरी बोलत होता असं वाटतं. काय बोलला असेल?" पंप व्यवस्थित चालू होता, तरी ते बराच वेळ स्क्रू ड्रायव्हर टेकवून उभे होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं गार्डन आहे. सकाळी सगळं गार्डन एका दिशेने फिरतं, गावडेकाकाही त्यात. परबकाका एकटेच उलट फिरतात. लोक वैतागतात, अंगावर येता म्हणून. काका म्हणतात, पोटाला बरं असतं. पण उलट फिरलं की काय होतं, तर प्रत्येक फेरीला गावडेकाका समोरून येतात. ते आले की काका रस्त्याच्या उजव्या कडेला सरकतात, म्हणजे गावडेकाका बरोबर डाव्या बाजूने जावेत. पाच फेऱ्या, पाच वेळा डावा कान. मला सांगा, ज्याला ह्या माणसाचं तोंड बघायचं नाही तो रोज पाच वेळा समोर येईल असा रस्ता कशाला धरेल? मी एकदा हे बोलून दाखवलं. आठ दिवस काका माझ्याकडे चहाला आले नाहीत.

यंदा होळी झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी माझी बेल वाजवली.

"शुभा, ओठ वाचायला शिकवतात असा क्लास असतो काय गो?"

"कशाला?"

ते आत आले, दार लोटून घेतलं. "दत्या बोलतो."

"अय्या! बोलले?"

"माझ्याशी नाय. म्हणजे माझ्याशीच असेल. शेवटच्या फेरीला, बाजूने जाताना. मी तिरक्या डोळ्याने बघितलं. ओठ हलतात. काल हलले, आज पण हलले. आधीपासून हलत असतील तर काय माहीत, मी बघतच नव्हतो."

"मग उद्या उजवा कान करा!"

"वा गो वा! म्हणजे त्याला कळेल, मी ऐकतोय."

"कळू दे की!"

"नाय." विषय संपला.

पुढचे पंधरा दिवस काका टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत बसले, ओठ वाचायची प्रॅक्टिस म्हणून. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की सगळे जण आपल्याला ओरडतायत एवढंच कळतं. मी म्हटलं, मी जाऊन गावडेकाकांना विचारून येते. तर म्हणाले, तुला माझी शपथ आहे. मी म्हटलं, निदान त्यांच्या मागून चालून ऐकते आणि तुम्हाला सांगते. तेही नको. "तू येऊन सांगितलंस तर ते तुझं बोलणं झालं. मला त्याचं पाहिजे."

"आणि शिवी देत असतील तर?"

"देत असेलच. हक्काची शिवी आहे, देणारच." मग जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, "शिवी दिली तरी चालेल गो. इतक्या वर्षांत मला सद्या म्हणून कोण शिवी देतंय? आता सगळे काका म्हणतात नाहीतर आजोबा. तुझी काकी पण गेली."

मला भरून आलं, आणि मला भरून आलं की मी ओरडते. मी ओरडले, "मग कानाचं मशीन घ्या!" त्यांचा पुण्याचा मुलगा कधीपासून मागे लागला होता, पप्पा, मी घेऊन देतो. काकांनी त्यालाही फोनवर डावा कान दिला होता. पण ह्या वेळी ते विचारात पडले. डाव्या कानात मशीन, म्हणजे मान न वळवता ऐकू येणार. दत्याला कळणार नाही आणि आपल्याला कळेल. "दिसता कामा नये," ते म्हणाले. "बाकी कसलंही चालेल."

शनिवारी आम्ही मेट्रोने घाटकोपरला गेलो. तिथे माझ्या ऑफिसातल्या एकीने सांगितलेलं कानाचं क्लिनिक होतं. कान तपासणाऱ्या मयूरी मॅडम माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी काकांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. काका दाबत सुटले. मॅडम थोड्या वेळाने म्हणाल्या, "आजोबा, आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं."

"वाजवणार होतीस ना?"

मग त्यांनी उजव्या कानात खरखर सोडली, डाव्याची परीक्षा चालू असताना उजव्याने मदत करू नये म्हणून. काकांचा चेहरा पडला. आता बटणावरचं बोट हलेना. मी काचेबाहेरून बघत होते. एवढा वेळ चेष्टा करणारा माणूस डोळे मिटून, मान पुढे काढून, ऐकायचा इतका प्रयत्न करत होता की माझ्याच्याने बघवेना. मी पर्समधली जुनी बिलं चाळत बसले.

निकालाच्या कागदावर उजव्या कानाची रेघ वरच्या अंगाला होती, डाव्याची पार खाली. काका म्हणाले, "तळाला बसलाय."

मॅडमनी नीट समजावलं. साधं मशीन लावून आवाज मोठा करता येईल, पण ह्या कानाला आवाज पोचला तरी शब्द कळणार नाहीत. लावून बघितलं. काका म्हणाले, "पंपात हवा भरल्यासारखं होतंय." दुसऱ्या प्रकारात डोक्याला पट्टा होता आणि त्याचा ठोकळा कानामागच्या हाडावर बसायचा, कवटीच्या हाडातून आवाज दुसऱ्या कानाला जातो. काका खूश. "अगो, हा तर माझा स्क्रू ड्रायव्हर! पस्तीस वर्षं मी हेच केलं!" मला वाटलं, झालं काम. पण आरशात पट्टा बघितला आणि काढून ठेवला. हे लावून गेलो तर दत्या लांबूनच बघेल.

तिसरं मशीन दोन तुकड्यांचं. डाव्या कानामागे बारीक माइक आणि उजव्या कानामागे दुसरा तुकडा. डावीकडचा आवाज माइक पकडणार आणि चांगल्या कानात नेऊन सोडणार.

"म्हणजे डावा नुसता वॉचमन," काका म्हणाले. "कोण आलं ते आत कळवायचं."

"अगदी बरोबर, आजोबा. फक्त आवाज कुठल्या बाजूने आला ते नेमकं कळणार नाही."

"ते मला माहीत आहे कुठून येणार ते. शिवी नीट ऐकू येते का?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. काका समजावून सांगू लागले, की रस्त्यातून जाता जाता, पुटपुटल्यासारखी, मालवणी शिवी, ती आली पाहिजे. "शुभा, डावीकडे उभी राहा आणि दे."

"मी?"

"मग मॅडम देणार काय?"

मी त्या सभ्य, थंडगार क्लिनिकमध्ये बाहत्तर वर्षांच्या माणसाच्या डाव्या खांद्यापाशी उभी राहिले आणि भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत हळूच म्हणाले, "मेल्या."

काकांचा चेहरा असा उजळला! "आली! परत दे."

मी दुसरी दिली. तिसरी दिली. खरं सांगते, तिसऱ्या शिवीला मला मजा यायला लागली होती. बाहेर बसलेल्या दोन बायका दारातून डोकावून गेल्या. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "आठवडाभर वापरून बघा. पुढच्या शनिवारी येऊन सांगा, ठेवायचं की परत करायचं."

रविवारी सकाळी काका टोपी घालून गेले, मशीन झाकायला. शेवटच्या फेरीला गावडेकाका समोरून आले, ओठ हलले, आणि नेमके त्याच क्षणी गार्डनमधल्या हास्यक्लबने हात वर करून हाहाहा सुरू केलं. काका घरी आले ते लालबुंद. "बेरिंग गेलेली माणसं! सकाळी सात वाजता कशाला हसायचं?" शिवाय वारा कानात घोंघावत होता. मी मॅडमना फोन केला, त्यांनी बाहेर वापरायचं वेगळं सेटिंग सांगितलं. उद्या नक्की, असं ठरलं.

सोमवारी गावडेकाका आलेच नाहीत. मंगळवारी नाहीत. बुधवारी काका माझ्या दारात उभे. "आज पण नाय." चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, फोन करा. नाही. घरी जा. नाही. गुरुवारी ऑफिसातून येताना मी बघितलं तर काका मागच्या गल्लीत, गावड्यांच्या बिल्डिंगखाली, भिंतीला चिकटून उभे. डावा खांदा गावड्यांच्या खिडकीकडे. मला हाताने गप्प राहायची खूण केली. वर कोणीतरी खोकलं.

"तोच," काका म्हणाले. "ओला खोकला आहे. छातीत आहे, पण सुटतोय. दोन दिवसांत उतरेल." मग एकदम लहान मुलासारखे बोलले, "उतरेल ना गो?"

"वर जा आणि बघून या ना, काका. पाया पडते तुमच्या."

ते गेले नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा जाऊन भिंतीखाली उभे राहिले, खोकला ऐकला आणि मला येऊन रिपोर्ट दिला. मग म्हणाले, "उद्या मशीन परत द्यायचंय ना? उद्या तो आला नाय तर देऊन टाकतो. मला बाकी काय ऐकायचंय?"

शनिवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गार्डनला गेले. गावडेकाका होते! गळ्याला मफलर, अंगाने उतरलेले, पाय ओढत चालत होते. मी काकांच्या मागे दहा पावलं ठेवून चालू लागले. पहिली फेरी, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. गावडेकाका दमले होते, तिसऱ्या फेरीनंतरच ते फाटकाच्या दिशेला लागले. म्हणजे आज हीच शेवटची. ते समोरून आले, काका उजव्या कडेला सरकले, ते डाव्या बाजूने गेले. ओठ हलले. काका सरळ पुढे चालत राहिले. चार पावलं, पाच पावलं, आणि असे थांबले की मी जाऊन आदळलेच.

"काय म्हणाले?"

काकांनी टोपी काढून हातात धरली. "चाय पिऊक येतंस काय रे सद्या."

"काय?"

"असं म्हणाला. 'चाय पिऊक येतंस काय रे सद्या.' अख्खं वाक्य." फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. गावडेकाका फिरून झालं की तिथे एकटेच उभे राहून चहा पितात, हे सगळ्या गल्लीने बघितलंय. "रोज विचारत असणार गो. शेवटच्या फेरीला. रोज विचारत होता आणि मी त्याला डावा कान देत होतो."

गावडेकाका फाटकापाशी पोचले होते. मी काही बोलायच्या आत काका वळले आणि कारखान्यात मशिनांच्या वर आवाज काढायची सवय असलेल्या त्या माणसाने असा टाहो फोडला, "दत्याऽऽ! ए दत्याऽऽ!"

हास्यक्लबसकट सगळं गार्डन थांबलं. गावडेकाका जागच्या जागी उभे. मग हळूहळू वळले.

"बोंबालतंस कित्याक?" ते म्हणाले. "मी काय बहिरो नाय."

"मी आसंय," काका म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सात वर्षं जे बाहेरच्या एकाही माणसाला स्वतःहून सांगितलं नाही ते काकांनी सगळ्या गार्डनसमोर सांगून टाकलं. ते तरातरा चालत फाटकापाशी गेले, मी मागोमाग. डाव्या कानामागचं मशीन काढून त्यांनी तळहातावर धरलं आणि गावडेकाकांना दाखवलं. "डावो. पार गेलो. त्या गणपतीच्या आधीच. तू हाक मारलंस ती माका आयकाकच इली नाय."

गावडेकाका मशीनकडे बघत राहिले. मग काकांकडे. "मगे सांगूक काय झाला होता तुका?"

मला त्यांनी ह्याच प्रश्नाची किती तरी उत्तरं दिली होती, त्यातलं एकही त्यांना तिथे देता आलं नाही. मग त्यांनीच विचारलं, "ती गेली त्या दिवशी तू माझ्या बाजूक बसललंस. काय बोललंस?"

"म्हणजे ता पण नाय?" गावडेकाका म्हणाले. "अरे, सगळा सांगितलंय तुका त्या दिवशी. मनात होता नव्हता ता सगळा. तू आपलो नुसतो हं हं करी होतंस. माका वाटला, ह्याका आता आपली गरज नाय."

दोघेही म्हातारे फाटकात उभे राहून रडत होते आणि माणसं बाजूने वाट काढून जात होती. मीही रडत होते, सांगायला लाज कसली. काकांनी बाहीने डोळे पुसले. मशीन पुन्हा कानामागे लावलं, नीट बसलं की नाही ते बोटाने चाचपून बघितलं.

"परत सांग," ते म्हणाले.